जिन बंद झाल्यानंतरचा आवाज

१९६० च्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दिग्रस येथे, माझे दोन्ही कान बऱ्याच अंशी गेल्याचे आढळले. माझे वय तेव्हा चौतीस होते. क्षयासाठी सहा महिने घेतलेल्या इंजेक्शनांचा तो परिणाम होता. ऐकणे परत येईल की नाही, हे त्या आठवड्यात कोणालाच सांगता आले नाही. पुढचे एकवीस महिने या एकाच प्रश्नात गेले.

हा मजकूर जे औषध घेत आहेत किंवा घेणार आहेत त्यांच्यासाठी आहे. औषध घेऊ नये असे यात कुठेही म्हटलेले नाही. क्षय त्याच औषधांनी बरा झाला. औषधाचा नको असलेला परिणाम एकाच जातीचा नसतो, एवढे मला उशिरा कळले. ते कसे कळले ते क्रमाने देतो.

निदान

मी सहा वर्षे नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. नंतर दिग्रसला येऊन त्याच दैनिकाचा बातमीदार झालो. कापसाच्या हंगामात रोज दुपारी बाजाराची माहिती घ्यायची आणि ट्रंक कॉलने नागपूरला सांगायची, हे मुख्य काम होते. राहायची जागा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग फॅक्टरीला, गावच्या भाषेत जिनला, लागून होती. भिंत एकच.

नोव्हेंबर १९५९ मध्ये कापसाच्या बाजारात गाड्यांच्या रांगेत उभा असताना खोकला आला आणि रुमाल लाल झाला. शेजारच्या गाडीवरचा कास्तकार म्हणाला, "बाबू, पान लय रंगलं तुमचं." मी पान खात नाही.

दोन दिवसांनी यवतमाळच्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या बाजूला वर डाग होता. त्यांचे पहिले वाक्य मला उद्देशून नव्हते. दारात माझी पत्नी विमल अकरा महिन्यांच्या मुलीला घेऊन उभी होती. डॉक्टर तिला म्हणाले, "बाळाला आजच यांच्यापासून दूर ठेवा. उद्यावर टाकू नका."

विमलचे माहेर बोरी अरबला. त्याच दुपारच्या बसने ती मुलीला तिकडे घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी एकटी परत आली. बस सुटली तेव्हा मी दहा पावले लांब उभा होतो. मुलगी रडत होती. ते रडणे मला स्पष्ट ऐकू आले.

वॉर्ड

यवतमाळच्या वॉर्डात मी अडीच महिने होतो. सकाळी सहाला ताप मोजत. सातला इंजेक्शन, एक दिवस उजव्या कुल्ल्यात, एक दिवस डाव्या. दिवसातून तीन वेळा पांढऱ्या भुकटीच्या पुड्या आणि त्यांच्याबरोबर छोट्या गोळ्या. थुंकीचे झाकणाचे भांडे प्रत्येक खाटेखाली होते. दुपारी दोन ते चार बोलण्यास मनाई होती, ती कोणी पाळत नसे.

माझ्या डाव्या हाताला हरी जाधव होता. दिग्रसजवळच्या एका तांड्यावरचा, वय बावीस. त्याची आई खाटेशी जमिनीवर बसून असे. तो तिला याडी म्हणे, म्हणून पुढे सगळा वॉर्ड तिला याडी म्हणू लागला. उजव्या हाताला पुसदचे एक शिंपी होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे.

तिसऱ्या आठवड्यात हरीला अचानक ताप चढला आणि अंगभर लाल पुरळ उठले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पेपरवाले, पाहा. तुमच्या पेपरापेक्षा जास्त छपाई झाली माह्या अंगावर."

"काय छापलंय?" मी विचारले.

"वाचता कोनाले येते! याडी म्हंते देवी कोपली. सिस्टर म्हंते सुई कोपली."

सिस्टरचे बरोबर होते. डॉक्टरांनी त्याचे इंजेक्शन त्याच दिवशी बंद केले. चार दिवसांत पुरळ गेले, ताप उतरला. इंजेक्शनाशिवाय, पुड्या आणि गोळ्यांवर त्याचा उपचार चालू राहिला. डॉक्टरांनी मला सांगितले की हे औषधाच्या मात्रेवर नसते. त्याचे शरीर ते औषध मुळातच मानत नाही, थेंबभर दिले तरी हेच होईल.

शिंप्यांना पुड्यांनी मळमळत असे. ते सगळ्यांनाच होत असे, मलाही. जेवणाचा वास आला की पोट ढवळे. डॉक्टर रोज सांगत, "हे होणारच. औषध चालू आहे तोवर राहील, बंद झालं की जाईल. सहन करा." शिंपी मान हलवत. जानेवारीच्या सुरुवातीला त्यांची गादी उन्हात टाकायला उचलली तेव्हा खाली पुड्या सापडल्या, न फोडलेल्या, एकावर एक नीट रचलेल्या. सुमारे पाच आठवड्यांच्या होत्या. फेब्रुवारीत ते वारले. हे मला हरीने पत्र लिहवून घेऊन कळवले.

मला स्वतःला वॉर्डात दोन गोष्टी झाल्या. पावलांत मुंग्या येऊ लागल्या आणि रात्री तळवे जळू लागले. विमलने बोरीहून तेल आणून चोळले. डॉक्टरांना सांगितल्यावर ते म्हणाले, गोळ्यांमुळे शरीरातले एक जीवनसत्त्व कमी पडते. त्यांनी आणखी एक गोळी वाढवली. तीन आठवड्यांत पाय बरे झाले.

दुसरी गोष्ट चक्कर. उठून बसलो की खोली फिरे. डॉक्टरांनी इंजेक्शन बदलले. आधीच्या औषधाचेच भावंड, पण चक्कर कमी आणणारे, असे त्यांनी सांगितले. दहा दिवसांत चक्कर थांबली. मी समाधानी होतो. डॉक्टरही होते. औषधाने काही झाले तर सांगायचे आणि डॉक्टर ते दुरुस्त करतात, अशी माझी समजूत तेथे पक्की झाली.

घरी सोडताना त्यांनी एकच बजावले. "कानात आवाज येऊ लागला, शिट्टीसारखा, घुमल्यासारखा, तर लगेच कळवा."

कानातला आवाज

जानेवारीच्या शेवटी मी दिग्रसला परतलो. जिन पूर्ण जोरात चालू होते. इंजेक्शन द्यायला कंपाउंडर बापूराव येत. काचेची पिचकारी आमच्याच चुलीवर उकळत.

फेब्रुवारीच्या मध्यावर कानात आवाज सुरू झाला. मी बापूरावांना त्याच दिवशी सांगितले. ते हसले.

"बाबूजी, दिग्रसात ज्याच्या कानात आवाज नाई, थो पाहुणा समजा. भिंतीपलीकडं इंजन हाये. माह्या बायकोच्या कानात तं दिवाळीपासून अखजीपर्यंत वाजते."

हे खोटे नव्हते. जिनच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात हंगामात, म्हणजे दिवाळी ते अक्षय्यतृतीया, कान वाजतात. हंगाम संपला की चार-आठ दिवसांत थांबतात. मार्चमध्ये तपासणीला यवतमाळला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "कानात आवाज?"

मी म्हणालो, "येतो. पण तो जिनचा."

"दिग्रसचे सगळे पेशंट हेच सांगतात," ते म्हणाले आणि कागदावर पुढचे लिहू लागले. एप्रिलमध्येही प्रश्न तोच होता आणि उत्तर तेच.

ऐकू कमी येते आहे, हे मला स्वतःला का कळले नाही, याचे कारण नोंदवणे आवश्यक आहे. जिनमध्ये कोणी कानाने ऐकत नाही. यंत्रे चालू असताना रेजा, म्हणजे मजूर बाया, तोंडाच्या हालचालींवर आणि हातांवर बोलतात. पाणी, साहेब, पोट दुखते, नवरा पिऊन आला, सगळ्याला खूण आहे. गल्लीतही लोक समोर येऊन, तोंड दाखवून, ओरडून बोलतात. चार वर्षांत मलाही ते जमले होते. कान जात होते तेव्हा डोळ्यांनी काम उचलले, आणि मी ऐकतो आहे असेच समजत राहिलो.

एक मेला नव्या राज्याची सभा झाली. मी पुढच्या बाकावर होतो. वक्त्यांच्या तोंडासमोर माइक होता, त्यामुळे ओठ दिसत नव्हते. भोंग्यातून एक जाड घुमारा येत होता, शब्द येत नव्हते. मी भोंगा खराब असल्याचे समजलो. भाषणांचा मजकूर संयोजकांच्या कागदावरून उतरवून पाठवला. बातमीत भोंग्याविषयी तक्रारीचे एक वाक्यही घातले. ते छापून आले. संयोजकांनी नंतर विचारले, "कोणता भोंगा खराब होता?"

त्याच महिन्यात नागपूरहून पत्र आले. मी ट्रंक कॉलवर माहिती सांगतो आणि कार्यालयाच्या प्रश्नांना उत्तर न देता फोन ठेवतो, अशी विचारणा त्यात होती. मला कोणी प्रश्न विचारल्याचे आठवत नव्हते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी विमलला म्हणालो, "यंदा जिन फार लांबलं."

ती भाकरी थापत होती. तिने वळून पाहिले. "काय म्हनता?"

"अजून चालू आहे."

"अवो, जिन बंद होऊन चार दिवस झाले. कुलूप लागलं. रेजा गावाले गेल्या."

मी भिंतीला हात लावला. हंगामात ती भिंत दिवसभर थरथरते. तिला थरथर नव्हती. कानात आवाज होता.

विमलने हात पुसले आणि बाहेर जाऊन कौसाबाईला बोलावून आणले. कौसाबाई वीस हंगाम जिनमध्ये काम केलेली, गावातच राहणारी. तिचे स्वतःचे कान कधीच गेले होते. तिने मला दारात उजेडाकडे तोंड करून बसवले, समोर बसली, आणि तिच्या शेताविषयी काहीतरी विचारले. मी उत्तर दिले. मग तिने पदर तोंडावर ओढला. पदर हलत होता, म्हणजे ती बोलत होती. मला घुमाऱ्याखेरीज काही ऐकू आले नाही.

तिने पदर खाली केला. "बाबू, तुमी कानानं नाई ऐकत. माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. मी होळीपासून पाहते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी पेपरवाले. मले वाटलं तुमाले ठाऊक हाये."

थांबून पाहू

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने विमल आणि मी यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी चिमट्यासारखा दोन दात्यांचा नादकाटा वाजवून कानाजवळ, मग कानामागच्या हाडावर टेकवला. दोन्हीकडे मी एकच सांगितले, काहीतरी थरथरते. त्यांनी चिमटा टेबलावर ठेवला आणि इंजेक्शन बंद केल्याचे लिहिले. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून, सावकाश, तोंड दाखवून बोलले.

"मी विचारलं होतं. तुम्ही खरं तेच सांगितलंत. त्या उत्तरावर मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही."

नंतर त्यांनी कागद घेतला. मी बातमीदार आहे, मला लिहून हवे असते, हे त्यांना माहीत होते. तो कागद माझ्याकडे आहे. त्याचा आशय असा. मळमळ हा औषधाबरोबर येणारा आणि औषधाबरोबर जाणारा त्रास होता. त्यासाठी औषध सोडायचे नसते, शिंपी त्यामुळेच गेले. हरीचे पुरळ हा त्याच्या शरीराचा नकार होता. तेथे औषध लगेच सोडावे लागते आणि सोडले की माणूस वाचतो. माझ्या पायांच्या मुंग्या ही औषधाने पाडलेली तूट होती, ती भरून काढता आली. चौथ्या प्रकारात औषध दिवसांमागून दिवस शरीरात साचत जाते आणि एखादे इंद्रिय मारते. तेथे फक्त वेळेवर थांबणे हाच उपाय असतो.

मी विचारले, "माझं कोणतं?"

त्यांनी लिहिले, "बहुधा चौथे. काही वेळा थोडे परत येते. थांबून पाहू."

दिग्रसपर्यंतच्या बसमध्ये विमल काही बोलली नाही. किंवा बोलली असेल. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

इंजेक्शन बंद झाल्यावर कान सुधारतील अशी माझी अपेक्षा होती. घडले उलट. जूनमध्ये समोरच्याचे ओरडणे कळत होते. ऑगस्टमध्ये ते कळेनासे झाले. डॉक्टरांनी सांगितले की हे भावंड-औषध सोडल्यानंतरही काही महिने काम करत राहते. चक्कर थांबवण्यासाठी दिलेले औषध तेच होते. दर महिन्याला मी जात असे, चिमटा लावला जाई, आणि कागदावर तीच ओळ येई. थांबून पाहू.

या काळात घरात काय झाले, ते सांगणे सोपे नाही. विमल चौथी शिकलेली. तिने पाटी आणली. पहिले काही आठवडे ती सगळे लिहीत असे, भाजी काय, कोण आले. मग कामापुरते लिहू लागली. ओरडून बोलायला तिला लाज वाटे, कारण गल्ली ऐके. एकदा तिने पाटीवर लिहिले, "तुमच्यासंग भांडता पन येत नाई." मी खाली लिहिले, "भांड." तिने पाटी पुसली आणि आत गेली. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, ते मागून ठरवता आले नाही.

मी त्या पावसाळ्यात दोनदा रिकाम्या हाताने विहिरीपर्यंत गेलो. दुसऱ्यांदा कौसाबाई तेथे धुणे धूत होती. तिने माझ्याकडे पाहिले, हातातला कपडा बाजूला ठेवला, आणि जिनच्या खुणेने विचारले, पाणी? मी मान हलवली. तिने बादली भरून माझ्या हातात दिली. बादली घेऊन घरी परतलो. त्यानंतर तिकडे गेलो नाही.

दैनिकाने ऑक्टोबरपासून दिग्रसला दुसरा बातमीदार नेमला. पत्र सभ्य होते. टपालाने अधूनमधून लेख पाठवावेत, असे त्यात होते.

सकाळी जाग आली की पहिले अर्धे मिनिट मी न हलता पडून राही. त्या वेळी भिंतीपलीकडे, रस्त्यावर, स्वयंपाकघरात काहीतरी चालू असणारच, म्हणून काही ऐकू येते का ते पाही. ही तपासणी मी रोज केली. एकदाही काही ऐकू आले नाही. कानातला आवाजही डिसेंबरात हळूहळू बंद झाला. तो गेल्यावर मात्र पूर्ण शांत झाले, आणि तो आवाज होता तोपर्यंत बरे होते, असे मला वाटू लागले.

मुलगी

थुंकी लागोपाठ तीन महिने निगेटिव्ह आल्यावर, जानेवारी १९६१ मध्ये, मुलीला बोरी अरबहून परत आणण्यास परवानगी मिळाली. ती दोन वर्षांची झाली होती. आजीच्या कडेवरून ती उतरायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी माझ्या जवळ आली आणि बोलली. बराच वेळ बोलली. लहान मुलांचे ओठ वाचता येत नाहीत, त्यांचे शब्द अजून पक्के झालेले नसतात.

मी विमलला पाटी दिली. "काय म्हणते?"

विमलने लिहिले, "इचारते, हे बाबा कोनाचे."

मुलगी माझ्या हातातल्या खडूकडे पाहत होती. मी तिला खडू दिला. तिने तो तोंडात घातला.

ती आता चार वर्षांची आहे. माझ्याशी बोलताना समोर येते, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवते आणि मग बोलते. हे तिला कोणी शिकवले नाही. तिचे रडणे मी १९५९ मध्ये बस सुटताना ऐकले होते. बोलणे ऐकलेले नाही.

फेब्रुवारी १९६२

यवतमाळच्या डॉक्टरांनी मला नागपूरला कानाच्या तज्ज्ञांकडे पाठवले. बंद खोलीत कानांवर यंत्र लावून तपासणी झाली. काही ऐकू आले की हात वर करायचा, असे लिहून दाखवले होते. तपासणी पाऊण तास चालली. मी दोनदा हात वर केला. काचेपलीकडच्या माणसाने दोन्ही वेळा मान नकारार्थी हलवली. त्या क्षणी यंत्रात आवाज नव्हता.

आठवड्याने तो अहवाल घेऊन विमल आणि मी यवतमाळला गेलो. त्याच दिवशी छातीचा नवा एक्स-रे काढला. बाकावर हरी जाधव भेटला. तो शेवटच्या तपासणीला आला होता. त्याचे वजन वाढले होते, लग्न ठरले होते. तो माझ्याशी बोलू लागला, मग विमलने त्याला काही सांगितले. त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, माझ्या छातीकडे बोट केले आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली, बरी आहे. त्याने कानाकडे बोट केले नाही.

आत डॉक्टरांनी नागपूरचा अहवाल दोनदा वाचला. मी माझा कागद पुढे केला. त्यावर मी घरूनच प्रश्न लिहून आणला होता. परत येईल का?

एकवीस महिने त्यांनी त्या प्रश्नाखाली एकच उत्तर लिहिले होते. या वेळी त्यांनी पेन उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले आणि लिहिले, "नाही."

विमलने तो कागद वाचला, घडी घातली आणि एक्स-रेच्या पाकिटात ठेवला. एक्स-रे स्वच्छ होता.